चौथ्या पारव्याचा डोळा

म्हापशात, बाजारामागच्या बोळात
रुझार आल्फायाताचं दुकान.
त्यानं मला मयेहून बोलावून घेतलं.
चवथीला दोन महिने होते,
माझ्या हाताला अजून माती लागली नव्हती.

"मूर्ती नको रे," तो म्हणाला,
"एका पारव्याला डोळा पाहिजे."

मग टेबलावरचं गबर्डीन उचललं,
कात्री, टेप, टाचण्यांची उशी, उरलेला अर्धा पाव
बाजूला सारला,
आणि ओल्या फडक्यानं
एकेचाळीस वर्षं पुसली.

खाली काळीभोर जमीन.
कडेनं काटेरी पानांची वेल,
वळत वळत आपल्याच शेपटीला भिडलेली.
मधे पितळी रंगाचं भांडं,
काठावर चार पारवे.
एक पाणी पितोय, मान इतकी खाली
की त्याची चोच पाण्यातल्या चोचीला टेकलीय.
एक पंख विंचरतोय.
एक नुसताच बसलाय, दुपारी दुकानात बसतात तसा.
चौथ्याला डोळ्याच्या जागी खळगा.

पणजीहून एकजण येऊन गेला म्हणे,
भिंग लावून, श्वास धरून पाहिलं त्यानं.
टेबल इटलीचं, अडीचशे वर्षांचं.
चित्र त्याहून कितीतरी जुनं,
रोमच्या कुणा धनवंताच्या फरशीवरचं,
तिथून उचललेलं, पुन्हा पुन्हा गिरवलेलं.
डोळा असता तर आकडा वेगळा झाला असता,
असंही म्हणाला.

"मी लिलावात घेतलं ते सपाट म्हणून," रुझार म्हणाला.
"लाकूड पावसात फुगतं.
पँटीचा पाय वाकडा येतो."

मी नखानं टिचकी मारली.
तळवा टेकवून वीस आकडे मोजले.
दगड असता तर त्यानं माझा हात गार केला असता.
ह्यानं माझी ऊब घेतली
आणि ठेवून घेतली.
फुटक्या कडेची कपची जिभेवर धरली:
सरस.
आमच्या अंगणात उकळायचा तसला, हाडांचा.

रुझार, हा दगड नव्हे.
प्लास्टर आहे, सरस आहे, रंग आहे.
कणकेसारखं मळलंय, खाचांत भरलंय,
आणि घासून घासून
दगड व्हायला लावलंय.
ज्याच्यावर सरकारची बंदी आली
आणि जे मी दोन वर्षं
रात्री कवाड लावून साच्यात ओतलं,
त्याचंच हे भावंड.

वाटलं, खचेल.
तो हसला.
खुंटीवरच्या नवरदेवाच्या कोटाचा खांदा त्यानं दाबला,
आतला कापूस दबला, सोडल्यावर परत वर आला.
"ह्या पोराला खांदेच नाहीत," म्हणाला.
"रविवारी इगर्जीत बघ त्याला."

खळगा साफ करायला सुई घातली,
तर भुकटी निघाली.
शिंप्याचा खडू, थरावर थर,
दाबून दाबून घट्ट झालेला.
निळा, आगबोटीवर निघालेल्यांच्या सुटांचा.
गुलाबी, लग्नांचा.
पांढरा सगळ्यांत जास्त.
"काळ्या कापडावर दुसरा दिसत नाही,"
रुझार म्हणाला, आणि खिडकीकडं बघत राहिला.

मी पुडी बांधून आणली होती,
काजळी, चिमूटभर गेरू.
सोडलीच नाही.
निघालेली भुकटी कागदावर गोळा केली,
सरसाचे तीन थेंब टाकले.

आमच्यात डोळे शेवटी आखतात,
चूळ भरून, कुणाशी न बोलता.
मी सांगितलं नव्हतं,
तरी त्यानं मशीन थांबवलं.
बाहेर कुणीतरी मासळीचा भाव करत होतं.

पणजीचा माणूस सोमवारी येणार होता.
आला की नाही, मी विचारलं नाही.

चवथ उलटल्यावर उरलेले पैसे घ्यायला गेलो.
टेबल तिथंच.
रुझार पँट बेतत होता,
कापड चार बोटं अलीकडं ओढलेलं,
इतकं की कात्री प्रत्येक वेळी आखडून वळवावी लागत होती.

असं का रे, म्हटलं.

तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला,
"त्याला दिसूं दे मरे."